पाषाणच्या परसात कोंबड्यांचा हिवाळा: कामाच्या नोंदी

२८ ऑक्टोबर

खुराडं सहा फूट लांब, चार फूट रुंद, मधोमध साडेपाच फूट उंच. अँगलचा सांगाडा, चारी बाजूंना अर्ध्या इंची जाळी, वर पत्रा. घर पुण्यात पाषाणला, सुतारवाडीच्या अंगाला. परसाच्या उत्तरेला कुंपण आणि त्यापलीकडे नाला. कोंबड्या नऊ: चार गिरिराज, तीन गावरान, दोन कडकनाथ. शेजार भिंतीला भिंत लागून आहे, म्हणून कोंबडा ठेवलेला नाही.

गेल्या जानेवारीत यांच्याबरोबरच्या दोघी गेल्या. नाक गळत होतं, मान पुढे काढून तोंडानं श्वास घेत होत्या. तपासून घेतलं तेव्हा श्वासनलिका सुजलेली निघाली. डॉक्टरांनी थंडी किती पडते हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "रात्री खुराड्यात हवा कुठून येते आणि कुठून जाते?" मला सांगता आलं नाही. या वर्षीचं काम त्या प्रश्नाला धरूनच करायचं ठरवलं आहे. पुण्यात परसात चार-दहा कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही उपयोगी पडाव्यात, म्हणून या नोंदी.

आपल्याकडची थंडी कशी असते ते आधी लिहिते, कारण बर्फाच्या देशातले सल्ले इथे लागू पडत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ८-१० अंशांवर येतो आणि दुपारी २८-३० पर्यंत चढतो. तुऱ्याला व्हॅसलीन चोळणं, पाणी गोठू नये म्हणून हीटर बसवणं, यातलं काहीच पुण्यात लागत नाही. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि अंगावर पुरती पिसं असली की ८ अंश ती सहज सोसते. त्रास होतो तो दोनच गोष्टींचा. एक म्हणजे अंगावर थेट येणारी वाऱ्याची धार, दुसरी म्हणजे कोंडलेली ओल.

सध्या तिघींची पिसं झडताहेत. तांबडी गावरान तर मानेपाशी पार उघडी पडली आहे. हा रोग नाही, दरवर्षी याच दिवसांत होतं. पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे लेअर खाद्यावर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यावर, दिवसाआड मूठभर भिजवलेली सोयाबीन पेंड देते आहे. या काळात अंडी बंद होणार हे धरूनच चालायचं.

४ नोव्हेंबर

खुराड्यात अंथरलेल्या तुसाची जुनी गादी पूर्ण काढली. खाली दोन-अडीच इंचांचा थर दगडासारखा घट्ट झाला होता, फावड्यानं खरवडावा लागला. फरशी चुन्याच्या निवळीनं धुऊन दोन दिवस उन्हात उघडी ठेवली.

नवं तूस पौडजवळच्या भाताच्या गिरणीतून आणलं. मुळशीत आता भातकापणी चालू आहे, ताजं तूस मिळायला हीच वेळ बरी. पोतं ८० रुपयांना पडलं, टेम्पोच्या भाड्यासकट चार पोत्यांचे ७०० झाले. त्याच टेम्पोत भाताचा पेंढाही आणला, तो छपरासाठी.

चारांतलं एक पोतं आतून ओलं निघालं. हात घातला तर गरम लागलं आणि कुबट वास आला. असं तूस वाळवून वापरायचा मोह होतो, पण बुरशी एकदा धरली की तिचे कण वाळवूनही जात नाहीत. ते कोंबडीच्या फुप्फुसात जातात आणि मग औषध नाही. ते पोतं सरळ खतात टाकलं. पोत्याची शिवण उसवून आत हात घालून बघितल्याशिवाय तूस गाडीत चढवू नका.

उरलेल्या तुसाची पाच इंची गादी घातली. उन्हाळ्यात मी दोन इंचच ठेवते. जाड गादी खालून येणारा फरशीचा गारठा अडवते आणि विष्ठेतलं पाणी शोषून घेते. ती कोरडी आहे का हे बघायची सोपी रीत आहे: मूठभर तूस घट्ट दाबायचं आणि मूठ उघडायची. लगेच सुटलं तर ठीक, लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे.

१५ नोव्हेंबर

पहाटे पहिल्यांदाच अंगावर शाल घ्यावी लागली. आज पडदे लावले. उत्तर आणि पश्चिम बाजूला जाड प्लॅस्टिक, वरपासून खालपर्यंत, बाइंडिंग वायरनं घट्ट ताणून. पूर्वेला दार आहे, त्यावरही रात्रीपुरतं प्लॅस्टिक सोडलं. दक्षिणेला घराची भिंत तीन फुटांवर आहे, तिथे वरचा अर्धा भाग झाकला. प्लॅस्टिकचे ६५० रुपये.

१७ नोव्हेंबर

सकाळी दार उघडलं तर पत्र्याला आतून थेंब लटकलेले. काही खाली गादीवर पडले होते, दांडीवर बसलेल्या कडकनाथच्या पाठीवरही दोन-चार चमकत होते. बाहेर पाऊस नाही, दवही फारसं नव्हतं. हे सगळं पाणी कोंबड्यांच्या श्वासातलं आणि विष्ठेतलं. नऊ कोंबड्या रात्रभर उबदार, ओली हवा सोडतात. ती वर जाते, गार पत्र्याला लागते आणि पाणी होऊन परत त्यांच्याच अंगावर पडते.

उभं राहून वास घेतला तर काही जाणवलं नाही. गुडघ्यावर बसून तोंड दांडीच्या उंचीला नेलं, तेव्हा डोळे झोंबले. हा अमोनिया. ओल्या विष्ठेतून तो निघतो आणि खुराडं बंद असलं की साचतो. श्वासनलिकेच्या आतलं नाजूक अस्तर त्यानं खराब होतं आणि मग साधी सर्दीसुद्धा कोंबडीला आडवी करते. गेल्या वर्षीच्या दोघींचा उलगडा मला आज त्या गुडघाभर उंचीवर झाला. तेव्हाही प्लॅस्टिकच होतं, आणि थंडी वाढली म्हणून मी ते आणखी घट्ट केलं होतं.

सासूबाई पवन मावळातल्या. त्यांनी येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, आमच्याकडं खुराड्याला कारवीचा कूड असायचा, शेणानं लिंपलेला. पण वरची वीतभर जागा कधी लिंपायचे नाहीत. आजी सांगायची, वरनं धूर गेला पाहिजे." धूर कसला, असं विचारलं तर त्यांना सांगता आलं नाही. पण तो शब्द मनात राहिला.

रात्री देवघरातली उदबत्ती घेऊन खुराड्यात गेले. ती आधी दांडीपाशी धरली, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला. धूर सरळ वर चढला, पत्र्याखाली पसरला आणि तिथेच घुटमळत राहिला. मग गादीपासून वीतभर उंचीवर, उत्तरेच्या कोपऱ्यात धरली. तिथे प्लॅस्टिक आणि फरशीच्या मधल्या फटीतून धार आत येत होती, धूर आडवा होऊन थेट खालच्या दांडीवरच्या गावरान तलंगीच्या पोटाकडे जात होता. म्हणजे जिथे उघडं हवं तिथे बंद आणि जिथे बंद हवं तिथे उघडं. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर एका उदबत्तीत मिळालं. पडदे लावले की प्रत्येकानं हे एकदा करून बघावं, पण हातातली उदबत्ती पेंढ्या-तुसापासून जपून धरा.

१९ नोव्हेंबर

प्लॅस्टिक काढलं. त्याऐवजी गोणपाट, दुहेरी शिवलेलं. मार्केट यार्डात रिकामी पोती २० रुपयांना एक मिळाली, उसवून धुऊन वाळवली. त्यातून हवा थोडी झिरपते, ओल कोंडून राहत नाही आणि आतून थेंब जमत नाहीत.

बांधायची पद्धत उलटी केली. पडदा वरून खाली सोडण्याऐवजी तो खालच्या अँगलला पक्का केला, खालची फट विटांच्या एका ओळीनं बुजवली आणि पडदा दोरीनं खालून वर ओढायचा. वर नऊ इंच जागा कायम मोकळी, सासूबाईंची वीतच ती. दुपारी दोरी सैल केली की पडदा खाली बसतो आणि ऊन थेट गादीवर येतं. मोठ्या पोल्ट्रीतले पडदेही याच कारणासाठी खालून वर जातात, हे नंतर सुसला एका शेडवर बघितलं.

परत उदबत्ती. खाली धूर शांत, दांडीपाशी अगदी हळू हलणारा, वरच्या मोकळ्या पट्टीतून सावकाश बाहेर जाणारा. हवं होतं ते हेच.

२४ नोव्हेंबर

पत्र्याचं काम. पडदे सुधारल्यावर थेंब बरेच कमी झाले, तरी पहाटे थोडे दिसत होतेच. रात्री उघड्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षाही गार पडतो.

आधी आतून थर्माकोलच्या शीट चिकटवल्या. स्वस्त, हलक्या, १८० रुपयांत काम झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या कोंबड्या वर उड्या मारून थर्माकोल टोचत होत्या. कोंबड्यांना थर्माकोल का आवडतो ठाऊक नाही, पण त्या तो मक्यासारखा गिळतात. गादीत पांढरे दाणे दिसायला लागले तेव्हा सगळं खरवडून काढलं, गादीचा वरचा थरही बदलला. कोंबडीची चोच पोचेल तिथे थर्माकोल अजिबात नको.

मग पेंढा बाहेरून, पत्र्याच्या वर घातला. चार इंचांचा थर, त्यावर जुनी मच्छरदाणी, आणि दव झिरपू नये म्हणून सगळ्यात वर ते काढून ठेवलेलं प्लॅस्टिक. कडेनं विटा. दुसऱ्या सकाळी पत्रा आतून कोरडा होता.

दांड्याही बदलल्या. गोल बांबूऐवजी दोन इंच रुंद सपाट पट्टी, कडा तासून गोल केलेल्या. सपाट दांडीवर कोंबडी पाय पसरून बसते आणि पोटाची पिसं बोटांवर येतात. लाकूड टिंबर मार्केटमधून, कापून ३४० रुपये. दोन्ही दांड्या एकाच उंचीवर ठेवल्या. एक वर, एक खाली असली की वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी, आणि खालच्यांच्या अंगावर विष्ठा.

५ डिसेंबर

अंडी रोजची दोन-तीनवर आली. ऑक्टोबरात सहा-सात होती.

थंडीनं अंडी कमी होतात असं सगळे म्हणतात. मुख्य कारण उजेड आहे. कोंबडीचं अंडं देणं दिवसाच्या लांबीवर चालतं, भरपूर अंड्यांसाठी चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. पुण्यात २१-२२ डिसेंबरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे अकरा तासांचा दिवस. आपल्याकडे जूनचा सगळ्यात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. म्हणून मी जूनएवढा उजेड द्यायचा, त्याहून जास्त नाही, असं ठरवलं. पिसं झडलेल्या तिघींना नवी पिसं येऊन अंग भरेपर्यंत थांबले, मगच बल्ब लावला. पिसं झडण्याच्या दिवसांत कोंबडीला आराम मिळालाच पाहिजे.

९ वॅटचा पिवळा एलईडी, आणि टायमर. उजेड संध्याकाळी वाढवायचा नाही, पहाटे वाढवायचा. संध्याकाळी बल्ब अचानक बंद झाला तर कोंबड्या जिथे असतील तिथेच आंधळ्यासारख्या अडकतात, दांडी सापडत नाही. पहाटेचा बल्ब मात्र उजाडल्यावर बंद होतो, कुणाला कळतही नाही. सुरुवात साडेसहापासून केली, दर चार-पाच दिवसांनी वीस मिनिटं मागे घेत पाचपर्यंत आणायचं आहे.

शेजारच्या काकूंची झोपायची खोली कुंपणाला लागून. त्यांना आधी सांगितलं, आणि बल्बला डब्याचं टोपण लावून उजेड फक्त खाली पडेल असं केलं. त्या म्हणाल्या, "मला काही दिसत नाही गं, पण पहाटे तुझ्या बायका बोलायला लागतात ते ऐकू येतं." अंडी त्यांच्याकडे पाठवतेच. सध्या मार्गशीर्षातले गुरुवार सोडून.

१२ डिसेंबर

कडाका. कमाल-किमान तापमापक खुराड्यात दांडीच्या उंचीला टांगला होता, दुसरा बाहेर आंब्याला. बाहेर ८, आत साडेदहा. फरक एवढाच, आणि एवढाच पुरे. सगळ्या एका ओळीत चिकटून, मान पिसांत घालून बसलेल्या. पत्रा कोरडा, खाली बसून वास घेतला तर तुसाचाच वास.

घरात सगळ्यांचा आग्रह आहे की आत एक मोठा बल्ब उबेसाठी लावावा. लावणार नाही. मोठ्या कोंबड्यांना त्याची गरज नाही. रात्रभर उबेत बसवून सकाळी गारठ्यात सोडणं वाईट, आणि तूस, पेंढा, गोणपाट यांच्यामध्ये गरम बल्ब म्हणजे आगीला बोलावणं.

फुगून, एका पायावर उभी असलेली कोंबडी बघून घाबरायचं नाही, ती ऊब धरते आहे. घाबरायचं तेव्हा, जेव्हा दहा वाजता ऊन अंगावर असूनही ती फुगलेलीच राहते, डोळे मिटते, पंख खाली सोडते आणि बाजरी टाकली तरी पुढे येत नाही.

खाण्यात बदल: सकाळी नेहमीचं लेअर खाद्य, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास कोंबडीमागे छोटी मूठ मका-बाजरी. पोटात दाणा असला की रात्रभर पचतो आणि ऊब देतो. मात्र दिवसभर मका दिला तर त्या खाद्य सोडून तोच खातात, अंगावर चरबी चढते आणि अंडी आणखी कमी होतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम. एका अंड्याच्या कवचाला दोनेक ग्रॅम कॅल्शियम लागतं, ते खाद्यातून पूर्ण भागेलच असं नाही.

पाण्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. रात्रभर बाहेर राहिलेलं पाणी सकाळी इतकं गार असतं की त्या चोच बुडवून मागे सरतात. पाणी कमी प्यायलं की खाणं कमी, अंडं कमी. आता रात्री भांडं रिकामं करून पालथं घालते आणि सकाळी कोमट पाणी भरते. भरल्या भरल्या पाच-सहा जणी एकदम येऊन पितात.

१९ डिसेंबर

टायमर चुकला. बल्ब ठरलेल्या वेळेऐवजी सात वाजता लागत होता, म्हणजे सूर्याबरोबर. साधा चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, दर वेळी तेवढा तो मागे पडतो. किती दिवस असं चाललं होतं कोण जाणे, अंडी वाढत का नाहीत म्हणून खाद्य बदलायच्या विचारात होते. आतल्या सेलवर वेळ धरून ठेवणारा डिजिटल टायमर बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून आणला, ७५० रुपये. आधीच्या टायमरचे ३२० गेले. पहिल्यांदाच हा घ्या.

२२ डिसेंबर

पिल्लं आली. खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात नाव दिलं होतं, नंबर आता लागला. गिरिराजची पंधरा, एका दिवसाची. नवीन माणसानं हिवाळ्यात पिल्लं घेऊ नयेत, फेब्रुवारीच्या शेवटी घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या कोंबडीबद्दल वर जे लिहिलं ते पिल्लाला एक अक्षरही लागू नाही. त्याच्या अंगावर पिसं नसतात, स्वतःची ऊब त्याला धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात पाठीच्या उंचीला ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला तीन अंश कमी करत जायचं.

ब्रुडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची जागा, अडगळीच्या खोलीत. पत्र्याची दीड फूट उंच पट्टी गोल वाकवून साडेतीन फुटांचा चिक गार्ड केला. गोल अशासाठी की कोपरा नसला की पिल्लं कोपऱ्यात चेंगरत नाहीत. आत तूस, वर पहिले दोन दिवस गोणपाट. वर्तमानपत्र घातलं होतं, पण गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात, म्हणून लगेच काढलं.

बल्ब ६० वॅटचे, तारेचे, दोन. एक उडाला तर दुसरा असावा म्हणून. एलईडीनं ऊब मिळत नाही हे उघड आहे, पण तारेचे बल्ब आता जवळच्या दुकानांत मिळत नाहीत. तेही तपकीर गल्लीतूनच आणले.

पहिलं पाणी कोमट, चिमूटभर गूळ घालून. भांड्यात खडे टाकले, नाहीतर पिल्लं पाण्यात उतरतात, आणि ओलं पिल्लू या थंडीत वाचत नाही. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवली. एकानं प्यायलं की बाकीची शिकतात.

२४ डिसेंबर

तापमापक ३४ दाखवतोय, तरी सगळी पिल्लं एकाच बाजूला दाटून बसलेली. ऊब कमी असती तर बल्बखाली गोळा झाली असती, जास्त असती तर कडेला जाऊन चोची उघडल्या असत्या. एकाच बाजूला सगळी म्हणजे समोरून वारा. उदबत्ती लावली, दाराखालच्या फटीतून धार येत होती. दाराशी गोधडीची गुंडाळी लावली. तासाभरात पिल्लं सगळीकडे पसरली. तापमापकाआधी पिल्लांकडे बघा.

दोन पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा वाळून घट्ट बसली होती. वाट बंद झाली की पिल्लू एका-दोन दिवसांत मरू शकतं. ओढायचं नाही, कातडी सोलून निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून तो तिथे धरून ठेवायचा, मऊ झालं की आपोआप सुटतं. मग लगेच कोरडं करून बल्बखाली. हातात धरलं की ते आधी चिवचिवतं आणि ऊब लागली की डोळे मिटून घेतं, चोच माझ्या अंगठ्यावर टेकून.

२७ डिसेंबर

रात्री दीडला वीज गेली. जाग आली ती चिवचिवाटानं. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून मध्ये ठेवल्या, गार्डवर गोधडी अर्धी टाकली. तोवर एक पिल्लू ढिगाखाली चेंगरून गेलं होतं. आता रोज रात्री थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि बाटल्या, टॉवेल तिथेच ठेवते. ही तयारी पिल्लं आणायच्या आधी करा.

२८ डिसेंबर

लासोटाची, म्हणजे मानमोडी (राणीखेत) रोगावरची लस. मानमोडी हिवाळ्यात जोरात येते आणि आली की परसातलं क्वचितच एखादं वाचतं, म्हणून पाचव्या ते सातव्या दिवशी हा थेंब टाळायचा नाही. अडचण ही की कुपी शंभर-शंभर पिल्लांची असते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. सुस आणि बावधनची दोन घरं बरोबर घेतली, बर्फाच्या डब्यातून आणून एकाच सकाळी सगळ्यांची उरकली. डोळ्यात एक थेंब टाकायचा आणि पिल्लू डोळा मिचकावेपर्यंत सोडायचं नाही. मिचकावलं म्हणजे थेंब आत गेला.

४ जानेवारी

मावसजावेनं गावाकडून एक सुंदर पिवळी कोंबडी आणून दिली होती. ती परसाच्या दुसऱ्या टोकाला डाल्याखाली वेगळीच ठेवली होती, महिनाभर तशीच ठेवायची होती. काल तिचा डोळा सुजला, नाकातून घट्ट, घाण वासाचा स्राव. डॉक्टरांनी कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी, सांगितला. औषध पाण्यातून. औषध चालू असताना आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत तिचं अंडं खायचं नाही. फी आणि औषध मिळून ४५० रुपये.

ती बरी होईल असं दिसतं, पण कोरायझातून उठलेली कोंबडी बाहेरून धडधाकट दिसली तरी रोग बाळगून राहते. तिला कळपात सोडणार नाही, वेगळीच राहील. तिचं दाणापाणी सगळ्यांत शेवटी, चपला वेगळ्या, हात साबणानं धुऊन मगच घरात.

११ जानेवारी

नाल्यावर दाट धुकं, नऊपर्यंत हललं नाही. पाण्याच्या भांड्याजवळचं तूस मुठीत लाडू होऊन राहिलं. तेवढा भाग काढला, कोरडं तूस घातलं, भांडं दोन विटांवर उचललं. बाकीची गादी दर तीन-चार दिवसांनी खुरप्यानं उलथते. मूठभर बाजरी गादीत पुरून टाकली की निम्मं काम कोंबड्याच करतात.

आणखी एक काळजी. या दिवसांत पाषाण तलावावर, तिकडे कवडीपाटला स्थलांतरित पाणपक्षी उतरलेले असतात. बर्ड फ्लूचा विषाणू जंगली पाणपक्ष्यांत असतो. भारतात तो कोंबड्यांत पहिल्यांदा सापडला तो नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. परभणीतल्या मुरुंब्याला आला तो जानेवारी २०२१ मध्ये. म्हणून खाद्य झाकणाच्या डब्यात, पाणी नळाचं, तलावावर फिरायला घातलेले बूट खुराड्यापाशी नाहीत. एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या तर त्या पुरून मोकळं व्हायचं नाही, पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. १९६२ हा नंबर त्यासाठी फ्रिजवर चिकटवला आहे.

१५ जानेवारी

अंडी पाच-सहा. तांबडीच्या मानेवरची नवी पिसं आधीपेक्षा गडद आहेत आणि इतकी चकचकीत की उन्हात तांब्यासारखी दिसतात. पिसं झडल्यानंतरचं तिचं पहिलं अंडं आज.

सासूबाईंच्या बंबाची राख चाळून, कोरड्या मातीत निम्मी-निम्मी मिसळून टोपलीत ठेवली. धुक्याच्या दिवसांत परसातली माती ओली राहते, कोंबड्यांना लोळायला मिळत नाही आणि पिसांत उवा होतात. टोपलीवर छप्पर हवं. ओली राख कातडीला झोंबते.

३ फेब्रुवारी

पिल्लं सहा आठवड्यांची. एक नाजूक पिल्लू पहिल्या आठवड्यातच गेलं होतं, तेरा उरली. बल्ब गेल्या आठवड्यात बंद केला, अंगावर आता पुरती पिसं आहेत. आता कोंबड्यांच्या देवी रोगावरची लस आणि मग जाळीच्या आडोशानं मोठ्यांच्या शेजारी.

पहाटे अजून १२-१३ अंश, पण दुपारी ३२. पडदे सकाळी नऊला खाली, संध्याकाळी सातला वर. या महिन्यात ते दिवसभर वर राहिले तर दुपारी कोंबड्या धापा टाकतात. शनिवारी तसं झालं, दोघी पंख पसरून चोच उघडून उभ्या होत्या. दोरी आता दाराच्या कडीलाच बांधली आहे, सकाळी दार उघडायचं तर ती सोडावीच लागते.

मोठ्या कोंबड्यांचा हिवाळ्याचा खर्च, बाद झालेलं प्लॅस्टिक, थर्माकोल आणि पहिला टायमर धरून, साडेतीन-चार हजार झाला. त्यातले हजार-बाराशे बाद झालेल्या सामानाचे. पिल्लांचा हिशेब वेगळा, तो खाद्यासकट जूनमध्ये लिहीन. छपरावरचा पेंढा काढणार नाही, मार्चपासून तोच पत्र्याचं ऊन अडवेल. त्यावरचं प्लॅस्टिक तेवढं या आठवड्यात उतरवायचं आहे.